ओटीवरून ओट्यापर्यंत

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत इतिहासविषयक लेख म्हटला म्हणजे तो कोणत्या स्वरूपाचा असावयाचा, हे वाचक पहिल्या ओळीपूर्वीच ओळखतात. मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, कोणत्या स्वारीत कोणी तलवार गाजविली, कोणत्या सनदेने कोणते वतन मिळाले, आणि पुढे इंग्रजी अमदानीत कोण मामलेदार झाले व कोण वकील. हा इतिहास लिहिला गेलाच पाहिजे. प्रस्तुत लेखकानेही तो थोडाबहुत लिहिला आहे. परंतु लिहिताना एक गोष्ट वारंवार मनास टोचत आली. हा सारा इतिहास ओटीवरचा आहे. माजघराचा उंबरठा ओलांडून तो स्वयंपाकघरात शिरतच नाही. वंशावळीत जशा लेकीसुना नसतात, तशी या इतिहासात चूल नसते.

गतवर्षी नौपाड्यातील आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करण्याची वेळ आली, तेव्हा स्वयंपाकघरातील दोन लाकडी वस्तूंचे काय करावयाचे असा प्रश्न घरात निघाला. एक जाळीचे कपाट व एक टेबल. दोन्ही वस्तू आमच्या घरी येण्यापूर्वी दुसऱ्या कोणाच्या तरी होत्या, आणि दोन्ही आल्या तेव्हा स्वयंपाकघरासाठी आलेल्या नव्हत्या. त्यांचा माग काढू लागलो, आणि ध्यानात आले की ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील पुष्कळ घरांची हकीकत थोड्याफार फरकाने हीच आहे. खुर्ची, टेबल, बाक, कपाट हे सामान प्रथम पुरुषांसाठी ओटीवर आले; जुने झाले, मोडले अथवा नव्याची जागा अडवू लागले म्हणजे ते मागे गेले; आणि मागे गेल्यावरच त्याचा खरा उपयोग सुरू झाला.

आमच्या पणजीच्या स्वयंपाकघरात लाकूड नव्हते असे नाही. पीठ मळावयास काठवट होती, पोळपाट-लाटणे होते, ताकाची रवी होती, विळीचा पाट होता, जेवावयास बसण्याचे पाट होते. भिंतीत फडताळ होते आणि आढ्यास शिंके. पण फडताळ व शिंके सोडले तर एकही वस्तू गुडघ्याच्या वर उठत नव्हती. बसून चिरावे, बसून मळावे, चुलीपुढे वाकून फुंकणीने फुंकावे, बसून वाढावे. पाणी तेवढे उभ्याने आणावे. पस्तिशी-चाळिशीतच गुडघे धरणाऱ्या आणि धुराने डोळे गळणाऱ्या बायका त्या काळी घरोघर होत्या. त्याला कोणी दुखणे म्हणत नसे, वय म्हणत.

ओटीवर खुर्ची आली तरी ती आत का येत नव्हती? दारिद्र्य हे एक कारण खरे. पण मोठे कारण सोवळे. ओटीवरच्या खुर्चीवर कोणीही येऊन बसावयाचा. जमीन शेणाने सारवली की शुद्ध होते, भांडे घासले वा अग्नीत धरले की शुद्ध होते, लाकडाचे काय? त्यातून ते लाकूड परक्याच्या घरचे असेल तर? येथे आपल्या स्मृतिकारांनी एक तोड सांगून ठेविली आहे, आणि ती मला फार व्यवहारी वाटते. लाकडी वस्तूची शुद्धी तासण्याने होते असे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. म्हणजे सुताराच्या रंध्याने एकाच वेळी दोन कामे व्हावयाची. वरचा मळका थर निघून खालचे कोरे लाकूड वर यावयाचे, आणि त्याबरोबर मागील मालकाचा विटाळही भुश्यात जावयाचा. जुन्या लाकडाला स्वयंपाकघराचे दार उघडले ते रंध्याने, असे म्हणावयास हरकत नाही.

जुनेच लाकूड का, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. कारण आपला मुलूख लाकडाचाच. इसवी सनाच्या सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नामक प्रवाशाने कल्याण बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाची नोंद केली आहे. तीत पितळ व कापड यांच्याबरोबर शिसवीच्या ओंडक्यांचा उल्लेख आहे. १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि येथील खाडीत आरमाराची गलबते बांधावयास घेतली, त्यामागेही जवळच्या रानातील साग होताच. परंतु दाराशी रान असणे वेगळे आणि त्या रानातील लाकूड घरात येणे वेगळे. १८७८ च्या वनकायद्यानंतर रानावर सरकारी शिक्का बसला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्याविरुद्ध एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. कल्याणच्या वखारींत लाकूड रचलेले दिसे, पण कारकुनाच्या पगारात नवी फळी घेणे जड जाई. मुंबईस ब्रह्मदेशचा साग उतरत असे (त्या व्यापारासाठी १८६३ मध्ये मुंबईत खास कंपनी निघाली होती), पण तो साहेबांच्या बंगल्यांसाठी आणि पेढ्यांच्या कचेऱ्यांसाठी. आपल्या घरी तो यावयाचा तो साहेबाच्या घरचे त्याचे आयुष्य संपल्यावर.

आणि तो येण्याची वाट आपल्या गावांतूनच जात होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी एकवीस मैलांवर ठाण्यास येऊन थांबली. १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत जाऊ लागली. ठाणे हे जिल्ह्याचे ठिकाण. कलेक्टर, न्यायाधीश, तुरुंगाचे अंमलदार येथे राहावयाचे. कल्याणास दोन घाटांचे रस्ते फुटत असल्यामुळे रेल्वेची मोठी वसाहत झाली. या साऱ्या मंडळींचे एक वैशिष्ट्य म्हणजे बदली. बदली झाली की घरचे लाकूडसामान बरोबर नेणे परवडत नसे. बंगल्याच्या आवारात लिलाव पुकारला जाई. बसून बसून वेत तुटलेल्या खुर्च्या, पाय डगमगणारी टेबले, आरसा फुटलेली ड्रेसिंग टेबले, मच्छरदाणीचे खांब असलेले पलंग, सर्व काही तेथे निघे. लिलावात जमले नाही तर मुंबईचा चोरबाजार होताच. तेथील मटन स्ट्रीटवर पालथी घातलेली टेबले पाहत हिंडणे हा मुंबईस नोकरी करणाऱ्या गृहस्थांचा रविवारचा एक उद्योगच होता.

आमच्या घरचे जाळीचे कपाट अशाच एका लिलावातले. आजोबांच्या रोजखर्चाच्या वहीत १९२६ सालच्या एका पानावर ‘लिलाव, कपाट १ जाळीचे’ अशी नोंद असून पुढे रुपये चार, आणे बारा असा आकडा आहे. आजोबा कचेरीत कारकून होते. कागदपत्रे ठेवावी म्हणून त्यांनी ते घेतले. बाजूंना जाळी का, याचा त्यांनी विचार केला नसावा. घरी आल्यावर शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले की यास इंग्रज लोक ‘मीट-सेफ’ म्हणतात. माश्या बसू नयेत व वारा लागावा म्हणून यात मांस ठेवतात. झाले! पणजीने ते कपाट ओटीवरदेखील येऊ दिले नाही. आमच्याकडे मासळी वर्ज्य नव्हती. पण मासळी खाणाऱ्या घरांतच दूध व सामिष यांची शिवाशिव अधिक कसोशीने पाळतात, हे वाचकांस सांगावयास नको. आठ दिवस ते कपाट अंगणात पेरूच्या झाडाखाली उन्हात उभे होते.

तोड काढली ती सुताराने. त्याने कपाटाच्या सर्व फळ्या सोडविल्या, उकळत्या पाण्याने व राखेने धुवून वाळविल्या, दोन्ही बाजूंनी रंधा मारला, जुनी जाळी खरवडून फेकून दिली आणि बारीक छिद्रांची नवी जाळी ठोकली. मधल्या फळीची उंची त्याने पणजीस विचारून ठरविली, असे आजी सांगत असे: दुधाचे मोठे पातेले झाकणासह मावेल एवढी. आजोबांच्या कागदांचे नाव मग कोणी काढले नाही. ज्यात साहेबाचे मांस टांगले जाई, ते आमचे दुभत्याचे कपाट झाले. चार पायांखाली पाणी भरलेल्या चार मातीच्या पणत्या ठेविल्या, म्हणजे मुंग्या चढेनात. शिंक्यावरचे दूध काढण्यासाठी पाटावर चढून हात वर करण्याचे पणजीचे कष्ट त्या दिवशी संपले. ज्या वस्तूला तिने आठ दिवस उंबरा ओलांडू दिला नाही, तिच्या किल्ल्या पुढे मरेपर्यंत तिच्या कनवटीस होत्या.

असे कपाट केवळ आमच्याच घरी होते असे नव्हे. ‘दुभत्याचे कपाट’ या गोड नावाखाली ज्या असंख्य वस्तू आपल्या घरांत नांदल्या, त्यांपैकी किती साहेबांच्या मुदपाकखान्यातून आल्या आणि किती त्या पाहून येथील सुतारांनी घडविल्या, याचा हिशेब कोणी ठेविला नाही. ठेवावयाचा तरी कोणी? ज्यांना ठाऊक होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

पुढे चक्र वेगाने फिरू लागले. १९२३ पासून गोदरेज कारखान्याची पोलादी कपाटे निघू लागली, आणि हळूहळू लग्नात मुलीला असे कपाट देण्याची रीत पडली. पोलादी कपाट माजघरात आले की तेथले लाकडी कपाट स्वयंपाकघरात जावयाचे. त्याची दारे काढून टाकली की मांडणी तयार. काढलेली दारेही वाया जात नसत, त्यांचे पाट होत. मोडक्या पलंगाच्या फळ्यांची डब्यांची फळी होई, बैठकीच्या जुन्या पेटाऱ्याची तांदळाची पेटी होई. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि ब्रह्मी साग येण्याचेच थांबले. तेव्हा तर जुन्या टेबलाची फळी म्हणजे घरातले सोने झाले. युद्ध संपले, फाळणी झाली, आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली. १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. सर्वस्व गमावून आलेल्या या लोकांनी जे अनेक धंदे उभे केले, त्यांपैकी फर्निचरचा बाजार दूरदूरच्या गिऱ्हाइकांना अजून खेचतो. त्याचा एक परिणाम आपल्या घरांवर झाला: मध्यमवर्गीय माणसाला प्रथमच नवेकोरे सामान परवडू लागले. गिरगाव-दादरच्या चाळींतून डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आलेल्या कुटुंबांनी बाहेरच्या खोलीसाठी नवे घेतले आणि चाळीतून आणलेले आत लोटले. त्या काळच्या डोंबिवलीतील स्वयंपाकघरे आठवून पाहावीत. शाळेच्या बाकावर पाण्याचे पिंप, शिवणयंत्राच्या लोखंडी पायांवर फळी टाकून केलेली मांडणी, पुस्तकांच्या कपाटात लोणच्याच्या बरण्या.

पण खरा पालट झाला तो गॅसने. १९५५ मध्ये मुंबईत घरगुती गॅस मिळू लागला आणि पुढील दहापंधरा वर्षांत तो उपनगरांतून आपल्याकडे पोहोचला. गॅसची एक अट होती: शेगडी सिलिंडरपेक्षा उंच जागी ठेवावयाची. सिलिंडर सुमारे दोन फूट उंच. तेव्हा जमिनीवर बसून रांधणे आपोआपच सुटले. ज्या गोष्टीविषयी कोणत्याही समाजसुधारकाने परिषद भरविली नव्हती, ती एका रबरी नळीने घडवून आणली. परंतु जुन्या घरांत कडप्प्याचा ओटा कोठे होता? तो बांधण्यास पैसा हवा, घरमालकाची परवानगी हवी. तोवर काय करावयाचे? घरोघर उत्तर एकच निघाले: जुने टेबल.

आमच्याकडे गॅस आला १९६८ मध्ये. आजोबा त्यापूर्वी सात वर्षे वारले होते. त्यांचे लिहिण्याचे टेबल, सागाची फळी व कातीव शिसवी पाय असलेले, तेही चोरबाजारातूनच आणलेले, ओटीवर तसेच होते. आपल्या ज्ञातिसंस्थेच्या सभांची इतिवृत्ते आजोबांनी अनेक वर्षे याच टेबलावर लिहिली. एकदा दौत लवंडून पडलेला शाईचा मोठा डाग त्यावर होता, आणि तो आम्हा मुलांस मोठ्या अभिमानाने दाखविला जाई. आजीने ते टेबल आत न्यावयास सांगितले तेव्हा काका संतापले. “आई, ज्ञातीचा सारा कारभार ज्यावर झाला, त्या टेबलावर आता कांदे चिरणार?” असे ते म्हणाले. आजीचे गुडघे तोवर पुरते गेले होते. चुलीपुढून उठताना ती भिंतीचा आधार घेत असे आणि उठल्यावर क्षणभर बोलत नसे. “लिहिणारे गेले, आता जेवणाऱ्यांचे बघा,” एवढेच ती म्हणाली.

टेबल आत गेले. उंची तीस इंच. आजी पाच फुटांची, तेव्हा वर शेगडी ठेविल्यावर ती तिच्या हातास बरोबर बसली. सुताराने वरचे पॉलिश प्रथम काचकागदाने पूर्ण काढले. याचे कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. लाखेचे पॉलिश बैठकीत शोभते, पण पाणी व वाफ लागली की ते पांढरे पडून सुटू लागते; स्वयंपाकघरातील लाकडास जवसाचे तेल चोळून मुरविलेलेच बरे. शेगडीखाली जस्ताचा पत्रा ठोकला, त्याच्या कडा आत वळविल्या. खण दोन होते. एकात उलथने, झारा, सांडशी, दुसऱ्यात काड्यापेट्या व हळदकुंकू. ज्या खणात सभासदांच्या वर्गणीच्या पावत्या राहत, त्यातच आजी वाण्याच्या उधारीचे कागद ठेवू लागली. हिशेबात तिचा हात आजोबांपेक्षा खोटा नव्हता. ती त्यापुढे अकरा वर्षे उभ्याने रांधत होती. आजोबांच्या हातून त्या टेबलावर किती ठराव लिहिले गेले ते संस्थेच्या दप्तरात आहे. आजीने त्यावर किती पोळ्या लाटल्या याची मोजदाद कोठून असणार?

घरात रेफ्रिजरेटर आला तेव्हा जाळीच्या कपाटातले दूध गेले आणि त्यात कांदे-लसूण आले. हवा खेळती असल्याने तेही तेथे उत्तम टिकत. अशा रीतीने एकेक पायरी उतरत ही वस्तू बाल्कनीपर्यंत गेली. बहुतेक घरांत यापुढची पायरी म्हणजे भंगार. आता नव्या इमारतींत भुसा दाबून केलेल्या फळ्यांची तयार स्वयंपाकघरे येतात. दिसावयास सुरेख, पण पाणी मुरले की फुगतात, आणि एकदा फुगलेली फळी पुन्हा रंध्याखाली घालता येत नाही. नव्याची निंदा करण्याचा हेतू नाही. उभ्या उंचीचा, धूर नसलेला, पाणी हाताशी असलेला ओटा प्रत्येक स्त्रीस मिळाला, ही गोष्ट मी कोणत्याही सागवानी कपाटापेक्षा मोठी मानतो. पण शंभर वर्षे टिकलेले लाकूड किलोच्या भावाने जाताना पाहवत नाही, हेही खरे.

ज्यांच्या घरी असे सामान अजून आहे व जे ते पुन्हा स्वयंपाकासाठी वापरू इच्छितात, त्यांस अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. फळीखाली बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे असे समजावे व ती फळी घरात घेऊ नये. आणि जुना तेलरंग, विशेषतः हिरवा व पिवळा, घरात बसून कोरडा खरवडू नये. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो व त्याची धूळ मुलांस अपायकारक असते. हे काम बाहेर, ओले करून, तोंडास फडके बांधून करावे, आणि ज्या फळीवर अन्न प्रत्यक्ष ठेवावयाचे तिला रंग उतरला तरी वापरू नये. आमच्या वडील मंडळींस हे ठाऊक नव्हते. आमच्या जाळीच्या कपाटासही मध्यंतरी कोणीतरी हिरवा रंग फासला होता. तो उतरविण्याच्या खटपटीत न पडता, नव्या घरात ते कपाट केवळ बरण्या व डबे ठेवण्यासाठी घेतले आहे.

टेबल मात्र जसेच्या तसे नेता आले नाही. नव्या स्वयंपाकघरात त्याला जागा नव्हती, आणि एक पाय वाळवीने आतून पोखरला होता. भंगारवाल्याने पाहिले, हाताने उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि असा भाव सांगितला की माझ्या वृद्ध काकांनीच, ज्यांनी १९६८ मध्ये ते आत नेण्यास विरोध केला होता त्यांनीच, त्याला दाराबाहेर काढले. मग कल्याणचा एक सुतार बोलाविला. त्याने पत्रा उचकटला तेव्हा खाली शाईचा डाग तसाच होता. भोवती उष्णतेने लाकूड तांबूस झाले होते. डोंबिवलीस असलेल्या माझ्या बहिणीने ती फळी मागून घेतली. तिच्या स्वयंपाकघरात ती आता खिडकीखाली बिजागऱ्यांनी भिंतीस लाविली आहे. हवी तेव्हा उघडावी, नको तेव्हा मिटावी. खालच्या बाजूस रंधा मारून तीच वर घेतली आहे, त्यामुळे फळी मिटली म्हणजे डाग दिसतो आणि उघडली म्हणजे दडतो.

राहिले शिसवी पाय. ते कातारीकडे देऊन त्यांची लाटणी करून घ्यावी आणि आमच्या घरातील चार लेकींस एकेक द्यावे असे ठरले. शिसव जड असल्याने लाटण्यास चांगली. पण वाळवीने खाल्लेला पाय चरकावर चढविताच दुभंगला, आणि लाटणी तीनच झाली. चौघींपैकी कोणी मागे घ्यावयाचे यावर अद्याप एकमत झालेले नाही. तूर्त तिन्ही लाटणी बहिणीच्या घरी, त्या फळीखालच्या खुंटीस टांगलेली आहेत.